मामाजी इज अ गुड बॉय

इंद्रभान उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून खडकीला आला तो इंटरच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन. पण त्याचा रुबाब असा, की पाहणाऱ्याला वाटावं परीक्षाच याच्यापुढे नापास झाली. मलकापूर टेसनापासून बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, अंगभर फुफाटा बसला, तरी डोक्यावरची हॅट काही त्याने उतरवली नाही. आई सुभद्राबाईने दारात भाकरतुकडा ओवाळला, तोही हॅटवरूनच.

कोकिळाने, म्हणजे त्याच्या बायकोने, हे सगळं माजघराच्या दाराआडून पाहिलं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, नांदायला येऊन दोन. या दोन वर्षांत नवरा तिला दिसला तो सुट्टीपुरता, आणि तोही बहुधा पाठमोरा. आता तर पाठीवर चेक्सचा कोट होता. तिला वाटलं, हा माणूस आपल्याला ओळखायला दरवेळी जरा जास्तच अवघड होऊन येतो.

संध्याकाळी जेवताना त्याने तोंड उघडलं.

"आबा, माझी एक अट आहे."

नागपूरला गेल्यापासून तो 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलायला लागला होता, आणि नवा करकरीत जोडा घालून चालावं तसा जपून बोलायचा.

"बोल न बाप्पा," रामराव म्हणाले. रामराव म्हणजे त्याचे वडील, खडकीचे पाटील. शंभर माणसांना दरडावणारा हा गडी लेकासमोर मात्र लोण्यासारखा वितळायचा.

"मला इंग्रजी येणारी बायको पाहिजे. नागपुरात अडाणी बायको घेऊन राहायचं म्हणजे लोक हसतात. दिवाळीपर्यंत हिला इंग्रजी ग्रामरचे आठ पार्ट्स ऑफ स्पीच आले, तर घेऊन जातो. नाही आले, तर हिने दुसरबीडला आपल्या बापाकडे जावं. मी दुसरं लग्न करीन."

दुसरं कुणाशी, हेही ठरल्यातच जमा होतं. अमरावतीच्या एका वकिलाचा मुलगा उत्तमराव नागपुरात त्याच्याबरोबर शिकत होता, म्हणजे त्याच्याबरोबर नापास होत होता. या उत्तमरावाची बहीण इंग्रजी वाचायची, पेटी वाजवायची आणि पाहुण्यांना कपबशीतून चहा द्यायची. जावयाच्या डोक्यात काय आहे याच्याशी वकिलाला काही देणंघेणं नव्हतं. रामरावांची कापसाची काळीभोर जमीन त्याच्या डोळ्यात भरली होती. फक्त पहिल्या बायकोचं काय, एवढीच अडचण होती. ती अडाणी निघाली म्हणून सोडली, असं चारचौघांत सांगता आलं की अडचण संपली.

रामरावांनी जमिनीच्या वाटण्या पुष्कळ ऐकल्या होत्या. बोलण्याच्या आठ वाटण्या त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकल्या. तरी त्यांनी मान डोलावली. आपला तो बाब्या, दुसरं काय.

आत चुलीपुढे कोकिळाची भाकरी तव्यावर करपली. दुसरबीडला तिच्या बापाच्या, पुंजाजीच्या घरी तिची आत्या विमलाबाई होती. नवऱ्याने टाकलेली. वीस वर्षं भावाच्या घरी राहत होती, सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या मागून जेवायची. घरात हळदीकुंकू झालं की ती आपणहून गोठ्यात जाऊन बसायची. जा म्हणून तिला कुणी सांगावं लागत नसे. कोकिळाला इंग्रजीची भीती वाटली नाही. तिला विमलाआत्याच्या त्या गोठ्याची भीती वाटली.

मास्तर म्हणून शालिग्राम मास्तर ठरले. हे रोहिणखेडला राहायचे. तालुक्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवली, पण इंग्रजाशी बोलायची पाळी एकदाच आली. तपासणीला आलेल्या साहेबाने त्यांना नाव विचारलं आणि मास्तरांनी उत्तरादाखल कडक सलाम ठोकला. साहेब खूश होऊन गेला. तेव्हापासून मास्तरांचं ठाम मत झालं होतं, की इंग्रजी ही शिकवायची भाषा आहे, बोलायची नव्हे.

शिकवणीची मांडणी मोठी पाहण्यासारखी होती. मास्तर ओसरीवर, तेही अंगणाकडे तोंड करून, कारण पाटलाच्या सुनेकडे पाहून कसं शिकवायचं? कोकिळा माजघरात, दाराच्या आड, डोक्यावरून पदर. आणि दोघांच्या मधोमध उंबऱ्यावर सुभद्राबाई, मांडीवर सुपात तूर घेऊन. इंग्रजी ओसरीवरून निघायची, सुभद्राबाईच्या नाकाखालून जायची आणि मग सुनेपर्यंत पोचायची. वाटेत तिची झडती व्हायची.

"नाउन," मास्तर अंगणातल्या बैलांना म्हणाले. "नाउन म्हंजे नाव. मानसाचं, गावाचं, वस्तूचं. आता वाक्य घ्या. रामा इज अ गुड बॉय. राम चांगला पोरगा हाये. म्हना."

आत नुसत्या बांगड्या वाजल्या.

"म्हना न सूनबाई. रामा इज अ गुड बॉय."

"मास्तर, डोकं ठिकाणावर हाये काय तुमचं?" सुभद्राबाई कडाडल्या. "सून सासऱ्याचं नाव घेईन काय?"

मास्तरांनी जीभ चावली. खरंच की. सासरे रामराव. आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, दिराचं घ्यायचं नसतं आणि नवऱ्याचं तर मरेपर्यंत नाही. नवऱ्याचं नाव बायकोच्या तोंडून एकदा निघालं, की त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष गळून पडतं, असं खडकीतली शेंबडी पोरगीही सांगेल. नुसतं नावच नाही, नावातला शब्दसुद्धा वर्ज्य. रामरावांच्या घरात सुना रामफळाला 'ते फळ' म्हणायच्या आणि रामनवमीला 'चैतातली नवमी'.

मास्तरांनी पुस्तक चाळलं. पुस्तक लिहिणाऱ्या शहाण्याला दुसरं नावच सुचलं नव्हतं. रामा शाळेत जातो, रामा आंबा खातो, रामा कुत्र्याला मारतो. पानोपानी रामा. त्या गृहस्थाने जगात सुना असतात हे लक्षातच घेतलेलं दिसत नव्हतं. मास्तरांनी पुस्तक मिटलं, तंबाखू मळली आणि पाटलाच्या घरी इंग्रजी शिकवणं शास्त्रात बसत नाही, असं बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

"मामाजी इज अ गुड बॉय."

बाहेर बाजेवर रामराव पडले होते, ते उठून बसले. "काय म्हने वो ते, मास्तर? माह्यावर काही म्हनलं काय?"

मास्तरांना सांगावं लागलं. मामाजी चांगला पोरगा हाये. रामराव पाटलांना पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी चांगला पोरगा म्हणत होतं, आणि तेही सरकारी भाषेत. दिवसभर ते मिशा कुरवाळत फिरले. पुढच्या धड्यात मामाजी शाळेत गेले, मामाजींनी आंबा खाल्ला, तेही त्यांनी आनंदाने ऐकून घेतलं. फक्त मामाजींनी कुत्र्याला मारलं तेव्हा ते मास्तरांवर घसरले. "मी कदी मारलं हो? उगाच काहीच्या बाही शिकवून राह्यले!"

सुभद्राबाईचा पहारा मात्र कडक होत गेला. त्यांना प्रत्येक शब्दाचा अर्थ लागायचा. 'सन' म्हणजे सूर्य हे कळताच त्यांनी सूप आपटलं. आजेसासरे सूर्यभान होते.

"आत्याबाई, हे त इंग्रजी हाये," कोकिळा आतून सासूला म्हणाली.

"इंग्रजीत म्हनलं म्हनून काय झालं? देवाले इंग्रजी येत नाई काय?"

मास्तरांनी मुकाट्याने पान उलटलं. सूर्य त्या दिवसापासून इंग्रजीत उगवायचा बंद झाला.

सर्वनामाचा धडा आला तेव्हा मात्र कोकिळाला गंमत वाटली. नावाच्या ऐवजी वापरायचा शब्द म्हणजे प्रोनाउन, असं मास्तरांनी मोठ्या गंभीरपणे समजावलं. तो, ती, ते. हे काय शिकवायचं? वऱ्हाडातली बाई लग्नाच्या दिवसापासून सर्वनामातच संसार करते. 'हे' आले, 'त्याइनं' सांगितलं, 'तिकडून' निरोप आला. चाळीस-चाळीस वर्षं असा कारभार चालतो आणि कुणाचं कुठे अडत नाही. आठातला एक भाग आपल्याला आधीच येतो, हे कळल्यावर तिला जरा धीर आला. आठवा भाग तर घरातच होता. इंटरजेक्शन म्हणजे अरेरे, अगंबाई, अयाई. सुभद्राबाईच्या बोलण्यातून ते वगळलं तर मागे फारसं काही उरत नसे.

बाकीच्या भागांनी मात्र तिचा पिट्ट्या पाडला. प्रिपोझिशनने विशेषच. इन, ऑन, अंडर हे ती पहाटे जात्यावर घोकायची. अॅडव्हर्ब शेतात निंदताना घोकायची, आणि शेजारच्या ओळीतल्या बाया एकमेकींना डोळे मारायच्या. "पाटलीनबाईले वारं लागलं वाटते." कापूस वेचायला आला, बोटांना बोंडांचे ओरखडे उठले, तरी तोंड चालूच. तिला शिकायची हौस होती असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. बापाने चार मराठी इयत्ता शिकवल्या होत्या, त्यात ती रमली होती. पण ही इंग्रजी तिने कडू काढा गिळावा तशी गिळली. प्रत्येक शब्दामागे तिला विमलाआत्या दिसायची. कधीकधी वाटायचं, ज्याच्यासाठी आपण एवढं करून राहिलो तो माणूस आहे तरी कसा? मग ती स्वतःलाच दटावायची. नवरा आहे. शिकलेला आहे. त्याच्यात काहीतरी असल्याशिवाय एवढा तोरा असेल का? बिचारीला ठाऊक नव्हतं, की उथळ पाण्याला खळखळाट फार असतो.

दिवाळीला इंद्रभान आला, सोबत उत्तमरावाला घेऊन. उत्तमराव जाडसर, गोरा, बोलताना डोळे अर्धे मिटणारा. बहिणीचं घर पाहायला आलेल्या भावाच्या नजरेनेच त्याने गुरांचं वाडगं, विहीर, कापसाचे ढीग सगळं पाहून घेतलं आणि ते त्याला पसंत पडलेलं दिसलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठरली. रामरावांनी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी अर्धं गाव ओसरीखाली जमा झालं. पाटलाची सून इंग्रजी बोलणार, हा तमाशा फुकटात कोण सोडणार? शालिग्राम मास्तर धुतलेलं धोतर नेसून आले होते. इंद्रभान आणि उत्तमराव खुर्च्यांवर बसले. कोकिळाला उंबऱ्यावर उभं केलं. इतकी माणसं एकदम समोर तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

"हाउ मेनी पार्ट्स ऑफ स्पीच?" इंद्रभानने विचारलं.

"एट," कोकिळा म्हणाली, आणि एका दमात आठही सांगितले.

एकेकाची व्याख्या विचारली. तिने सांगितली. उदाहरणं विचारली. मामाजी शाळेत गेले, मामाजी झाडाखाली बसले, मामाजींनी आंबा हळूहळू खाल्ला. खाली बसलेल्या गड्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण दर वेळी मामाजी आले की ते पाटलाकडे पाहून माना डोलवायचे, आणि पाटील छाती काढून बसले होते. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. जन्मात त्यांचा एकही विद्यार्थी इतका धडाधड बोलला नव्हता.

आठ झाले. कोकिळाने श्वास सोडला. संपलं. विमलाआत्याचा गोठा दूर गेला, असं तिला वाटलं, आणि धीर करून तिने पहिल्यांदाच नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

ते तोंड पडलं होतं.

बायको पास झाली म्हणून ज्याचं तोंड पडतं, असा नवरा तिने कधी ऐकला नव्हता. उत्तमरावाने त्याला कोपराने ढोसलं. इंद्रभान सावरला, खाकरला आणि खुर्चीत पुढे सरकला.

"अजून एक. प्रॉपर नाउन. उदाहरण म्हणून तुझ्या नवऱ्याचं नाव घे. वाक्यात."

मास्तर अर्धे उठले. "अहो भाऊसाहेब, हे पुस्तकात नाई—"

"मास्तर, तुम्ही बसा. सुशिक्षित बाई नवऱ्याचं नाव घेते. उत्तमरावांची बहीण घेईल. काय हो?"

"ऑफ कोर्स," उत्तमराव डोळे मिटून म्हणाला.

इकडे आड, तिकडे विहीर. गप्प राहावं तर उत्तर आलं नाही, अडाणी ठरली, गेली दुसरबीडला. नाव घ्यावं तर चारचौघांत नवऱ्याच्या आयुष्यावर उठलेली निर्लज्ज बाई, सासू उंबऱ्यात उभी करणार नाही, गेली दुसरबीडला. काही केलं तरी गाडी दुसरबीडचीच जुंपलेली होती. रामराव खाली पाहत होते. सुभद्राबाईचे डोळे सुनेच्या ओठांवर खिळले होते.

कोकिळा हरली असं सगळ्यांना वाटलं, तिलाही वाटलं. तेवढ्यात तिने पाहिलं, की इंद्रभान आणि उत्तमराव एकमेकांकडे बघून हसले. लहानसं हसू, मिशीतल्या मिशीत. आणि त्या हसण्यात तिला सगळं लख्ख दिसलं. आपण पास व्हावं असं याला कधी वाटलंच नव्हतं. सहा महिने जात्यावर, शेतात, चुलीपुढे तिने जे घोकलं ते यांच्या हसण्यासाठी. तिला रडू यायला हवं होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान वर केली.

"इंद्रभान," ती म्हणाली.

कुणाच्या तरी हातातला पानाचा डबा खाली पडला. ती थांबली नाही. पुस्तकातली सगळी वाक्यं तिला पाठ होती, आणि आज पहिल्यांदाच त्यांत घालायला तिच्याकडे नाव होतं.

"इंद्रभान इज अ बॉय. इंद्रभान गोज टु स्कूल. इंद्रभान ईट्स अ मँगो. इंद्रभान सिट्स अंडर द ट्री. इंद्रभान बीट्स द डॉग." मग जरा विचार करून तिने पुस्तकात नसलेलं एक वाक्य स्वतःच्या पदरचं घातलं. "इंद्रभान फेल्स."

'फेल' हा शब्द खडकीतल्या लहान पोरालाही समजत होता. गावात तो गेली दोन वर्षं पाटलाच्याच घरावरून शिकवला गेला होता. खाली कुणीतरी फिस्सकन हसलं.

पण सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी ऊर बडवून घेतला. "अवो माय वो! खाल्लं वो माह्या लेकराले! पाच-पाच, सहा-सहा बार घेतलं वो रांडीनं! गेलं वो माह्या इंद्याचं आयुष्य!"

आता सगळ्यांनी इंद्रभानकडे पाहिलं. हा नागपूरचा माणूस. देव-धर्म-शकुन-अपशकुन यांवर गेल्या सुट्टीत पारावर याने भाषण ठोकलं होतं. आता हा उठून हसेल, आईला म्हणेल हे काय खूळ, असं लोकांना वाटलं. कोकिळालाही वाटलं.

इंद्रभानचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. हॅट त्याने स्वतःच्या हाताने काढून मांडीवर ठेवली. ओठ हलले.

"आई," तो म्हणाला, "मीठ-मोहऱ्या आन. मले कसं तरीच होऊन राह्यलं."

'मला-तुला' कुठल्या कुठे गेलं. तो खुर्चीवरून उतरला आणि जमिनीवर पाटावर उकिडवा बसला. सुभद्राबाईने मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्या डोक्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला तशी ओसरी खोकायला लागली. "ठसका आला, आता उतरलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "सगळं उतरलं काय वो आई?" इंद्रभानने विचारलं. सारं गाव बघत होतं, पण त्याला शुद्ध नव्हती. तो आपल्या हाताची नाडी चाचपत होता.

उत्तमरावाचं डोळे मिटणं बंद झालं होतं. ते चांगले सताड उघडे होते. त्याने मास्तरांना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "मास्तर, एकंदर किती बार घेतलं बाईनं?"

"एक डाव नुसतं, आन सहा वाक्यात," मास्तर म्हणाले. व्याकरणाच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत.

"म्हंजे सात वर्षं," उत्तमराव म्हणाला. त्याने रामरावांना नमस्कार केला. घरून तातडीचा निरोप आला आहे असं सांगितलं. तो निरोप कुणी आणला, हे विचारायचं भान कुणाला नव्हतं. गाडीत बसताना मास्तरांना मात्र त्याने खरं ते सांगितलं. "पाहा न मास्तर, जानूनबुजून कमी आयुष्याच्या मानसाले कशी द्यायची बहीण? उद्या कपाळ पांढरं झालं म्हंजे आमालेच निस्तरा लागंन." इंटर दोनदा नापास झालेला हा माणूस. निदान वजाबाकी त्याला पक्की येत होती.

अमरावतीचं लग्न अशा रीतीने मोडलं. मोडणारी बाई अजून उंबऱ्यावरच उभी होती, आणि तिला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. तिच्या तोंडात अजून ते नाव होतं, आणि हवं तेव्हा ते बाहेर येऊ शकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळा शेण भरत होती, तिथे इंद्रभान आला. डोळे सुजलेले, कानाला मफलर. तो आपणहून तिच्याशी बोलायला आला, असं चार वर्षांत पहिल्यांदा घडत होतं.

"मी काय म्हन्तो," तो चाचरत म्हणाला, "मास्तराले विचारलं, आईले विचारलं. आई म्हन्ते, शेगावले जाऊन समाधीवर डोकं ठेवलं आन गेलेले वर्षं वापस मागितले, त महाराज वापस देतात. पन नाव घेनारीनंच मागा लागते."

कोकिळा शेण भरतच राहिली.

"मंग मी तुले नागपूरले नेतो. खरं सांगतो. वेगळी खोली घेऊ. दुसऱ्या लग्नाचं नाव नाई घेनार. फक्त तू... ते नको घेत जाऊ." आणि एवढं बोलून तो रडायला लागला. हुंदके देऊन, नाक ओढत.

शेणाचे हात तसेच धरून कोकिळा त्याच्याकडे पाहत राहिली. याला घाबरून तिने सहा महिने झोप घालवली होती. याच्यासाठी बोटं फोडून घेतली होती. तिला त्याची कीव यायला हवी होती, ती काही केल्या आली नाही. आली ती शिसारी. पण गोठ्यात बसणारी विमलाआत्या अजून दुसरबीडला होतीच. टाकलेल्या बाईला जग कसं वागवतं ते काही कालच्या दिवसात बदललं नव्हतं.

"चाला," ती म्हणाली. "मले हात धुऊ द्या."

शेगावला तिने समाधीवर डोकं ठेवलं. इंद्रभान मागे उभा राहून कान देत होता. "मागितलं काय? सगळे मागितले काय? सात सांगितले न?" तो विचारत राहिला. "हो," ती म्हणाली. महाराजांकडे तिने प्रत्यक्षात काय मागितलं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

तिथून नागपूरची गाडी धरली. ती बायांच्या डब्यात बसली, तो पुढच्या डब्यात. पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बायांच्या डब्यात बाया असतात, बाया गप्पा मारतात, नावं विचारतात, आणि ही आता सोकावली आहे. म्हणून गाडी कुठेही थांबली की तो उतरून धावत यायचा, खिडकीच्या गजांना नाक लावायचा आणि हळूच विचारायचा, "घेतलं त नाई न?" ती मान हलवायची. शिट्टी झाली की हॅट सांभाळत तो पळत सुटायचा.

समोरच्या बाकावर शेगावहून चढलेली एक म्हातारी बसली होती. मोठं कुंकू, मांडीवर प्रसादाचं गाठोडं. अकोला आलं, इंद्रभान पुन्हा आला, पुन्हा विचारून गेला. म्हातारीने ते सगळं पाहिलं. गाडी हलल्यावर ती पुढे झुकली.

"पोरी, हा हॅटवाला घडीघडी येऊन राह्यला. कोन होय वो तुहा? मालक काय?"

कोकिळाने खिडकीतून पाहिलं. फलाटावर इंद्रभान पळत होता, एका हाताने डबा धरू पाहत होता, दुसऱ्या हाताने डोकं.

"नाई वो माय," ती म्हणाली. "आमच्या गावचं मानूस हाये."